न संपणारं सोवळं

२०१७ ते २०२३ या काळात केंद्र सरकारची जी सात स्वच्छ सर्वेक्षणं झाली, त्या सातही वेळा इंदूर पहिलं आलं. शेवटच्या वेळी तेवढा सुरतेबरोबर मान विभागला गेला. सकाळी गाणं वाजवत कचरागाडी दारात येते, ओल्या-सुक्याचे डबे वेगळे रिकामे होतात, सराफ्यात रात्री उशिरा भुट्ट्याचा कीस खाणारा माणूससुद्धा रिकामा द्रोण हातात धरून कचऱ्याचा डबा शोधतो. या शहराचा मला अभिमान आहे, आणि म्हणूनच एक गोष्ट बोचते. स्वच्छतेचं एवढं कौतुक असलेल्या गावात स्वच्छतेचं रूप घेऊन आलेला आजार कुणाला ओळखू येत नाही.

आमच्या मराठी घरांत तर त्याला आणखी एक आडोसा आयता मिळाला. होळकरांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या कुटुंबांनी गणपती, पुरणपोळी आणि कुलाचार यांच्याबरोबर सोवळं-ओवळंही आणलं. राजवाड्याच्या आसपासच्या वाड्यांत, रामबागेत, नारायण बागेत अशा आज्यांच्या गोष्टी घरोघर निघतात: तिचं फार कडक होतं, दिवसातून चारदा आंघोळ करायची, पाण्याच्या हंड्याला कुणाला शिवू द्यायची नाही. सांगणाऱ्याच्या आवाजात धाक असतो आणि थोडं कौतुकही. त्यांतल्या बहुतेकजणी घरची रीत पाळत होत्या. काही मात्र आजारी होत्या, आणि हे त्यांना आयुष्यभर कुणी सांगितलं नाही.

डॉक्टर त्या आजाराला ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर म्हणतात, रोजच्या बोलण्यात ओसीडी. मराठीत मंत्रचळ हा जुना शब्द आहे. त्याची दोन अंगं असतात. नको असलेला विचार, चित्र किंवा शंका मनात घुसते आणि हाकलली तरी जात नाही. ती निरर्थक आहे हे बहुतेकांना कळत असतं, पण पोटात उठणारा गोळा खरा असतो. तो शांत करायला मग काहीतरी करावं लागतं: धुणं, तपासणं, मोजणं, मनातल्या मनात जप, नाहीतर जवळच्या माणसाला ‘झालं ना नीट?’ असं पुन्हा पुन्हा विचारणं. यात दिवसातला तासाहून जास्त वेळ जात असेल, किंवा त्यापायी काम, शिक्षण, संसार बिघडत असेल, तर तो आजार समजावा, असा अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेचा निकष आहे. याच पुस्तिकेच्या २०१३च्या आवृत्तीत ओसीडीला चिंताविकारांच्या यादीतून बाहेर काढून स्वतंत्र प्रकरण दिलं गेलं.

नळाखालचं धुणं जरा जवळून पाहायला हवं. हात घाण आहेत म्हणून नळ उघडला, म्हणजे ती घाण नळाला लागली. हात धुऊन झाले, पण नळ बंद करायला तोच नळ धरायचा. म्हणून आधी नळाला साबण. नळ धुताना शिंतोडे उडाले आणि ते नळावरच्या घाणीचे, म्हणून आता कोपरापर्यंत हात, मग साडीचा काठ. मध्येच कुणी हाक मारली आणि आकडा चुकला, की पहिल्यापासून. यातलं प्रत्येक पाऊल मागच्या पावलातून अगदी बरोबर निघतं. त्यामुळे शेजारी उभं राहून वाद घालणारा नेहमी हरतो. बोटांच्या बेचक्यांत चिरा पडतात, तळहाताची सालं निघतात, आणि अशा माणसाला पहिला डॉक्टर भेटतो तो बहुधा त्वचेचा. तो मलम देतो. ते लावायला हात आधी स्वच्छ हवेत.

हा आजार विरळा नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या प्रौढांपैकी सुमारे ०.८ टक्के लोकांना ओसीडी असल्याचं आढळलं. बारा राज्यांच्या त्या पाहणीत मध्य प्रदेश होता, महाराष्ट्र नव्हता. २०११च्या जनगणनेत इंदूर शहराची वस्ती १९ लाखांवर होती. सरळ हिशेब केला तर नुसत्या प्रौढांतच दहा हजारांच्या आसपास माणसं होतात. सुरुवात बहुतेकदा किशोरवयात किंवा विशीच्या आगेमागे होते, आणि उपचारापर्यंत पोहोचायला पुष्कळांना कित्येक वर्षं लागतात. शिक्षण, नोकरी, लग्न ठरण्याचीच ती वर्षं.

ओसीडी म्हणजे हात धुणं, हा समज पक्का बसला आहे आणि त्यापायी फार नुकसान होतं. चंदीगडच्या डॉक्टरांनी १९७५ साली ८२ रुग्णांच्या लक्षणांचं जे विश्लेषण प्रसिद्ध केलं, त्यात सर्वांत जास्त आढळलेली गोष्ट शंका ही होती. सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना ती होती. गॅस बंद केला का, कुलूप लागलं का, वाटेत स्कूटरचा धक्का कुणाला लागला तर नाही ना. भंवरकुआंच्या कोचिंग क्लासांत राज्यसेवेची तयारी करणारा एखादा मुलगा एकच परिच्छेद वीस वेळा वाचतो, कारण शब्द सुटल्याची शंका जात नाही. परीक्षेत उत्तराचा गोल पुरेसा काळा झाला का हे पाहण्यात त्याचे शेवटचे वीस प्रश्न राहून जातात. घरी निकाल कळतो, कारण कळत नाही. आई-वडिलांना वाटतं, पोरगं अभ्यास करत नव्हतं. तो तर सगळ्यांत जास्त वेळ पुस्तकासमोर बसलेला असतो.

याहून अवघड प्रकार असतो तो ज्याविषयी बोलताच येत नाही. देवघरासमोर हात जोडले की मनात शिवी येते. नात्यातल्या माणसाविषयी किळसवाणं लैंगिक चित्र डोळ्यांसमोर येतं. तान्ह्या बाळाला मांडीवर घेतलं की ‘मी याला खाली टाकलं तर?’ ही कल्पना बाळंतिणीला गोठवून टाकते. ती सुऱ्या लपवते, बाळाला एकटीने आंघोळ घालायचं टाळते, आणि घरातली बाकीची माणसं म्हणतात की हिला माया कशी नाही. माया आहे म्हणूनच तर तो विचार तिला एवढा छळतो. एस. रॅकमन आणि श्रीलंकेत जन्मलेले पद्मल डी सिल्वा यांनी १९७८ साली एक साधी तपासणी केली: ज्यांना कुठलाही मानसिक आजार नाही अशा लोकांना असे घाणेरडे, हिंसक, अपवित्र विचार येतात का? बहुसंख्यांना येत होते, आणि त्यांचा आशयही रुग्णांच्या विचारांसारखाच होता. फरक एवढाच की निरोगी माणूस तो विचार सोडून देतो. रुग्ण मात्र स्वतःला विचारत राहतो, ‘असं मनात आलं म्हणजे मी कोण आहे?’ या विचारांना भिणारी आई बाळाला इजा करण्याच्या वाटेवर नसते. मात्र बाळ अपशकुनी आहे, त्याला संपवायला आवाज सांगताहेत, असं एखादी बाळंतीण खात्रीने बोलू लागली, तर तो वेगळा आणि तातडीचा आजार आहे. तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवं.

विचार सगळ्यांना येतात, मग काहींच्या मनात ते रुतून का बसतात? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल साल्कोव्हस्किस यांनी १९८५ साली दिलेलं उत्तर मला अजून सर्वांत पटतं. या माणसांना जबाबदारीची जाणीव अवास्तव मोठी असते. काही वाईट होण्याची शक्यता माझ्या मनात आली आणि मी काही केलं नाही, तर ते माझ्या हातून घडलं, असा त्यांचा हिशेब असतो. मग कृती केली जाते, जीव घटकाभर शांत होतो, आणि ही शांतताच घात करते. आपण धुतलं म्हणून वाचलो, असा धडा मेंदू घेतो आणि पुढच्या वेळी जास्त जोराने तेच मागतो. ‘अगं, विचारच करू नकोस’ हा सल्ला तर उलटाच पडतो. डॅनियल वेगनर यांनी १९८७ साली लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला सांगितलं, तेव्हा ते अस्वल पुन्हा पुन्हा मनात येत राहिलं.

शरीराची बाजूही पक्की आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसतो, आजार बालपणी सुरू झाला असेल तर आणखी मोठा. कपाळामागचा मेंदूचा भाग आणि खोलवरची केंद्रं यांना जोडणाऱ्या वर्तुळात धोक्याची सूचना वाजते आणि ती बंद करणारा इशारा मिळत नाही, असं मेंदूच्या चित्रांवरून दिसतं. लुईस बॅक्सटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली लॉस एंजेलिसला उपचाराआधी आणि नंतर मेंदूचे स्कॅन घेतले. ज्यांना गुण आला त्यांच्या कॉडेट नावाच्या केंद्राची अतिरिक्त धावपळ कमी झाली होती. गोळीने गुण आलेल्यांची आणि नुसत्या वर्तनोपचाराने आलेल्यांचीही. ‘हे मनाचं आहे की मेंदूचं?’ हा प्रश्न घरोघर विचारला जातो आणि त्यावरून औषध घ्यायचं की नाही हे ठरवलं जातं. त्या स्कॅननंतर या प्रश्नात फारसा अर्थ उरलेला नाही.

आता पुन्हा सोवळ्याकडे, कारण मराठी माणसाची खरी गाठ तिथे आहे. कोलकात्याच्या अजिता चक्रवर्ती आणि गौरांग बॅनर्जी यांनी १९७५ साली भारतीय मानसोपचाराच्या नियतकालिकात बंगालातल्या शुचिबाई या प्रकाराविषयी लिहिलं. शुद्धतेच्या वेडाने दिवसभर धुणारी, अंगण शेणपाण्याने शिंपणारी, रस्त्यात पावलं जपून टाकणारी ती बाई, बरेचदा विधवा. घरची रीत कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. आमच्याकडच्या मुकटा नेसून स्वयंपाकघराचा उंबरा राखणाऱ्या आज्यांविषयी असं कुणी लिहायला हवं होतं.

उत्तर शोधायला रीतीचं मूळच पाहावं. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शुद्धीचे नियम आहेत. महूला, म्हणजे इंदूरच्या वेशीवरच, जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली महाडला हा ग्रंथ ज्या कारणांसाठी जाळला, ती कारणं मला मान्य आहेत. इथे त्याचा दाखला एवढ्यासाठीच देतो की सोवळ्याचं समर्थन करणारे त्याच परंपरेकडे बोट दाखवतात. त्या अध्यायात शौचानंतर हाताला माती किती वेळा लावायची याचा आकडा ठरवून दिलेला आहे. शिवाय असंही सांगितलं आहे की जिच्यावर अशुद्धी दिसली नाही ती वस्तू, पाण्याने धुतलेली वस्तू आणि जाणत्याने शुद्ध म्हटलेली वस्तू पवित्र मानावी. म्हणजे रीत स्वतःच हात आखडता घेते. आकडा पुरा झाला की माणूस मोकळा. दिसलं नाही तर शोधायला जायचं नाही. मोठ्यांनी ‘झालं’ म्हटलं की झालं. आजारात हे तिन्ही दरवाजे बंद असतात. आकडा पुरा होत नाही, न दिसणारी घाण सर्वांत जास्त छळते, आणि कुणाच्याही ‘झालं’वर विश्वास दोन मिनिटांपुरता टिकतो. सोवळं पाळून झाल्यावर आजी निवांत जेवायला बसत असेल, तर ती तिची श्रद्धा. ताट निवून जातं आणि ती अजून मोरीत आहे, सणवार म्हटलं की तिला धडकी भरते, तर तिला डॉक्टर हवा. पाश्चात्त्य देशांत कॅथलिक धर्मगुरूंनी आणि मुस्लिम जगात मौलवींनीही हा भेद जुन्या काळीच ओळखला होता. वजू वारंवार करायला लावणाऱ्या शंकेला अरबीत वसवसा म्हणतात, आणि तिच्याकडे लक्ष देऊ नये असाच तिथला सल्ला आहे.

आजार घाणीची व्याख्या स्वतः करत नाही, ती आजूबाजूच्या समाजाकडून उचलतो, हेही स्पष्ट म्हणायला हवं. जुन्या वाड्यात ती व्याख्या पाळी, सुतक आणि जातीची शिवाशिव यांवरून ठरत होती. आजच्या फ्लॅटमध्ये ती चलनी नोटा, दवाखाना, लिफ्टचं बटण, पाल मारायच्या औषधाची फवारणी यांवरून ठरते. २०२०च्या कोरोनात, जेव्हा इंदूरला मध्य प्रदेशात सर्वांत जास्त झळ बसली, तेव्हा पिशवीतल्या दुधापासून दारच्या कडीपर्यंत सगळंच घाणीच्या यादीत आलं. पण भांडी घासायला येणाऱ्या बाईने धुतलेली भांडी तिच्यादेखत परत विसळली जातात, तिने टेकलेली भिंत पुसली जाते, तेव्हा आजाराचा मार रुग्णाच्या पलीकडे, ज्याने काहीच केलं नाही अशा माणसावर पडतो. रुग्णाचा दोष नाही हे खरं. म्हणून त्या बाईचा अपमान कमी होत नाही. उपचारात या भांड्यांचा क्रम वर लागला पाहिजे.

या आजारात घरचे लोक फार लवकर सामील होतात, प्रेमापोटी आणि दमून. नवरा बाहेरून आला की दारातच कपडे बदलतो. मुलगी शाळेतून आल्यावर दप्तर गॅलरीत ठेवते. सासरे दिवसातून तीसदा सांगतात, ‘हो, गॅस बंद आहे.’ पाण्याची दुसरी टाकी बसते, साबणाची पेटी घाऊक येते. जो सामील होत नाही त्याच्याशी भांडण होतं, म्हणून सगळे शिकून घेतात. डॉक्टरांच्या भाषेत याला फॅमिली अकोमोडेशन म्हणतात, आणि ते जितकं जास्त तितका आजार चिवट, असं अनेक देशांतल्या पाहण्यांतून दिसलं आहे. उद्यापासून एकदम सगळं बंद, असा हुकूमही चालत नाही. तो रुग्णाला छळ वाटतो आणि तो छळच असतो. रुग्णाच्या संमतीने, उपचारकाच्या साक्षीने, एकेक मदत कमी करायची. ‘तुला भीती वाटतेय हे दिसतंय, पण उत्तर मी पुन्हा देणार नाही, आपलं ठरलंय तसं’, एवढं वाक्य शांतपणे म्हणता येणं ही मोठी कमाई आहे.

उपचाराचा इतिहास तसा अलीकडचा. फ्रॉइडने १९०९ साली एका तरुणाच्या मंत्रचळावर मोठा निबंध लिहिला, पण त्या वाटेने गेलेल्यांना गुण क्वचित आला. १९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांना ज्याची भीती वाटते त्याच्याजवळ नेलं आणि नेहमीची कृती करू दिली नाही. धुण्याच्या रुग्णाबाबतीत तर पाणीच तोडलं. दोघांनाही फरक पडला. पुढे एडना फोआ आणि इतरांनी ही पद्धत घडवली, मोजली आणि माणुसकीने वापरण्याजोगी केली. तिला एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, थोडक्यात ईआरपी म्हणतात. आता कुणी पाणी तोडत नाही आणि जबरदस्ती करत नाही. प्रत्येक पायरी रुग्ण स्वतः निवडतो.

समजा, सुदामानगरातली एक गृहिणी आहे. पहिल्या दोन-तीन बैठकांत ती आणि मानसोपचारतज्ज्ञ मिळून धास्तीची यादी करतात, शंभरपैकी गुण देऊन. दाराची कडी, तीस. दुधाची पिशवी, चाळीस. दहाची नोट, पंचावन्न. चपलेचा पट्टा, सत्तर. कचऱ्याचा डबा स्वतः गाडीपर्यंत नेऊन गाडीच्या कडेला हात लावणं, नव्वद. सुरुवात कडीपासून. तज्ज्ञ स्वतः आधी हात लावते, मग ती लावते, आणि मग दोघीही हात न धुता बसून राहतात. हात पदराला पुसायचे नाहीत, मनात रामनाम घ्यायचं नाही, ‘काही होणार नाही ना?’ असं विचारायचं नाही. धास्ती चढते, काही वेळ तशीच राहते, मग बहुतेकदा आपोआप उतरते. उतरली नाही तरी बाईला एक नवी गोष्ट कळते: हे सहन करता येतं. मग तेच हात उशीला, पोळपाटाला, स्वतःच्या गालाला लावायचे, म्हणजे घरात ‘स्वच्छ कोपरा’ उरत नाही आणि पळून जायला जागा राहत नाही. घरी रोज तोच सराव. साधारण बारा ते वीस बैठकांत ती यादीच्या टोकापर्यंत पोहोचू शकते. शंकेच्या रुग्णाला एकदाच कुलूप लावून मागे न बघता जायला शिकवतात. अभद्र विचारांच्या रुग्णाला तो विचार कागदावर लिहून मोठ्याने वाचायला लावतात, तोवर, जोवर ते शब्द नुसते शब्द होत नाहीत. शंभर टक्के खात्री कुणालाच मिळत नसते, आणि तिच्यावाचून जगण्याचा हा सराव असतो.

औषधांची गोष्ट १९६०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. नैराश्यावरचं क्लोमिप्रामिन मंत्रचळावरही चालतं, असं तेव्हा स्पेनमधल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. १९८९ साली अमेरिकेने ओसीडीसाठी त्याला मान्यता दिली. त्याच वर्षी वेन गुडमन आणि सहकाऱ्यांची दहा प्रश्नांची येल-ब्राउन मोजपट्टी आली, शून्य ते चाळीस गुणांची. आज जगभर, आपल्याकडेही, आजाराची तीव्रता तिच्यावरच मोजतात. पुढे फ्लुओक्सेटिन, फ्लूव्हॉक्सामिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम ही सौम्य औषधं आली आणि आता उपचार त्यांनीच सुरू होतो. इथे दोन गोष्टी घराघरांत चुकतात. या आजारात मात्रा नैराश्यापेक्षा जास्त लागते. फ्लुओक्सेटिन तिथे २० मिलिग्रॅमवर भागतं, इथे ६० ते ८० पर्यंत जावं लागू शकतं. आणि परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. तीन आठवड्यांत फरक नाही म्हणून गोळी सोडणारे आणि मळमळीला घाबरून सोडणारे, दोघांचंही औषध लागू पडतं की नाही हे कधी कळतच नाही. बरं वाटल्यावरही निदान एक-दोन वर्षं ते चालू ठेवून मग हळूहळू कमी करायचं असतं. नुसती झोपेची किंवा घबराटीची गोळी रात्र काढून देते, आजाराला शिवत नाही.

अर्ध्याच्या आसपास रुग्णांना पहिल्या औषधाने चांगला उतार पडतो. उरलेल्यांचं काय? हेलन ब्लेअर सिम्पसन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली नेमकी हीच माणसं घेतली, ज्यांना औषधाने अर्धवटच गुण आला होता. काहींना त्यात रिसपेरिडोन जोडलं, काहींना ईआरपी. ईआरपीने सुमारे ८० टक्क्यांना गुण आला, रिसपेरिडोनने २३ टक्क्यांना. तरी आपल्याकडे प्रिस्क्रिप्शनवर दुसरी, तिसरी गोळी वाढते आणि ईआरपीचं नावही निघत नाही. मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्यासारखे उपाय अगदी थोड्या, सगळं करून थकलेल्या रुग्णांसाठी आहेत. अमेरिकेत २००९ साली त्याला मर्यादित परवानगी मिळाली. बुवा-बाबांकडे जाणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे की या आजारात ‘१०८ वेळा म्हण, चुकलास तर पुन्हा सुरुवात कर’ हा उपाय आगीत तेल ओततो. पंधरा दिवसांत तो जप हेच नवं लक्षण होऊन बसतं.

ईआरपीचं नाव निघत नाही याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. राष्ट्रीय सर्वेक्षणात पाहिलेल्या राज्यांपैकी लाख लोकांमागे सर्वांत कमी मानसोपचारतज्ज्ञ मध्य प्रदेशात होते, ०.०५; केरळात १.२. इंदूर त्यातल्या त्यात नशीबवान. इथे महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेज आहे, एमवाय हॉस्पिटल आहे, बाणगंगेला सरकारी मनोरुग्णालय आहे, खासगी डॉक्टरही आहेत. पण ज्याच्यापुढे साठ रुग्ण रांगेत बसलेत तो डॉक्टर पाऊण तास एका दाराच्या कडीपाशी कसा बसेल? ते काम प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाचं, आणि तशी माणसं डॉक्टरांहूनही कमी. परिचारिका, समुपदेशक, समाजकार्याचे पदवीधर यांना ईआरपीचं नेमकं प्रशिक्षण देऊन देखरेखीखाली कामाला लावणं हा मला सर्वांत व्यवहार्य मार्ग वाटतो. मायर यांच्या वॉर्डातही रुग्णाबरोबर तासन् तास बसणाऱ्या परिचारिकाच होत्या. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये ओसीडीसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे, आणि तिथल्या डॉक्टरांनी लिहिलेली उपचाराची मार्गदर्शक तत्त्वं इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने २०१७ साली प्रसिद्ध केली. म्हणजे काय करायचं हे देशात लिहून ठेवलेलं आहे. मराठीतून समजून घ्यायचं असेल त्यांना डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थचं काम उपयोगी पडेल. इंदूरच्या म्हाताऱ्या मराठी माणसाला भीती हिंदीत सांगता येते, पण मनातली शिवी तो मराठीतच ऐकत असतो. उपचारात ही गोष्ट छोटी नाही.

पैशांचा प्रश्नही थोडा हलका झाला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यावं, असं त्याच्या २१व्या कलमात म्हटलं आहे.

हा आजार बरा होतो का, हे प्रत्येक घर विचारतं. स्वीडनमध्ये स्कूग पिता-पुत्रांनी १९९९ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो १४४ रुग्णांचा सुमारे चाळीस वर्षं माग काढून केलेला होता. आजच्या उपचारांचा लाभ त्यांतल्या बहुतेकांना आयुष्याच्या उमेदीत मिळाला नव्हता, तरी ८३ टक्के सुधारले आणि जवळपास निम्मे सावरले, काही पूर्ण, काही किरकोळ लक्षणं उरून. आज औषध आणि ईआरपी दोन्ही हाताशी आहेत. ताणाच्या काळात, परीक्षेत, बाळंतपणात, घरात कुणी गेल्यावर तो डोकं वर काढतो. तेव्हा यादी पुन्हा काढून खालच्या पायरीपासून सराव करायचा असतो, आणि दुसऱ्यांदा तो लवकर जमतो.

पहिल्यांदा डॉक्टरांकडे जाताना आठवडाभर दिवसातले किती तास यात जातात ते लिहून न्यावं. तोंडाने सांगवत नाही तो विचार चिठ्ठीवर लिहून पुढे करावा. ओसीडीचे रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरने असे विचार पुष्कळदा ऐकलेले असतात. ईआरपी इथे कोण करतं, हे स्पष्ट विचारावं आणि ‘कुणी नाही’ असं उत्तर आलं तर ऑनलाइन कोण करतं तेही विचारावं. घरातला एक माणूस बरोबर असावा, शक्यतो तो, ज्याला सगळ्यांत जास्त वेळा ‘झालं ना नीट?’ असं विचारलं जातं. आणि या आजाराबरोबर नैराश्य फार वेळा येतं. जगणं नको असं बोलणं निघालं तर भेटीच्या तारखेची वाट न बघता टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा. तो दिवसरात्र चालू असतो.